सासऱ्यांची चक्री

माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली तेव्हा शेजारच्या बायका घरी येऊन रडून गेल्या. मी रडले नाही. केळीला पाणी द्यायचं होतं, पानवेली बांधायच्या होत्या, आणि वाडीत राबायला आता मी आणि सासू अशा दोघीच उरलो होतो. रडणाऱ्यांना चहा करून द्यायलासुद्धा मला वेळ नव्हता.

हे शहात्तर-सत्त्याहत्तर सालाच्या सुमाराचं. आमची वाडी वसई गावाच्या कडेला, किल्ल्यापासून चालत जाण्यासारखी. नवरा मुंबईच्या बाजूला पत्र्याचे डबे करणाऱ्या एका कारखान्यात प्रेसवर होता. प्रेस खाली आली, हात मागे यायला उशीर झाला. अंगठा आणि तळवा वाचला, बाकी गेलं.

जखम भरली. डॉक्टर म्हणाले, आता हात वापरायला हरकत नाही. पण नवऱ्याने त्या हाताला टॉवेल गुंडाळला तो काढेचना. टॉवेलातला हात मांडीवर ठेवून ओट्यावर बसायचा आणि रस्त्याने कोणी येताना दिसलं की उठून आत जायचा. डाव्या हाताने जेवायचा, तेही भिंतीकडे तोंड करून. रविवारी मिस्साला येईना. आय, म्हणजे माझी सासू, दर रविवारी विचारायची, "येतोस का रे?" तो म्हणायचा, "पुढच्या रविवारी." मला कारण कळायला वेळ लागला. देवळात शिरताना पवित्र पाण्यात बोटं बुडवून क्रुसाची खूण करायची असते, ती उजव्या हाताने, सगळ्या गावासमोर. याच्याकडे बुडवायला बोटंच नव्हती.

मला एकच भीती होती. माणूस असा वर्षभर बसला की पुढे उठत नाही. माझ्या माहेरी, भुईगावला, एक असा होता. पडवीतल्या खाटेवर बसून बसून त्याचे पाय काडीसारखे झाले होते आणि त्याची बायको त्याला न्हाऊमाखू घालता घालता म्हातारी झाली. मला तसं जगायचं नव्हतं. नवऱ्याचं काय होईल हा विचार नंतरचा. आधी मला माझी काळजी होती.

चक्रीचा विषय निघाला तो मासेवालीमुळे. पाचूबंदरची एक कोळीण आमच्याकडे मासे घेऊन यायची. तोंडाने फटकळ होती, म्हणून माझं तिच्याशी पटायचं. एक दिवस तिच्या टोपलीत नुसतेच सुके बोंबील.

"ताजं काही नाही?" मी विचारलं.

"भांग हाय गो बाय. पानी चालत नाय तर डोल फुगनार कशी? बोटी बंदरात झोपल्यात."

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस. तेव्हा भरती-ओहोटीला जोर नसतो. कोळ्यांची डोल जाळी वाहत्या पाण्यावर चालतात, म्हणून त्या दिवसांत बाजारात ताजा मासा कमी. एवढं मला माहीत होतं. पुढचं तिने सांगितलं.

"तुझा सासरा होता तवा भांगाला तोच एक मानूस ताजा मासा आनायचा. पानी थांबलं का गरीला मासा बरा लागतो. किल्ल्याच्या बंदरावर काठी घेऊन उभा राहायचा. काठीला ती चक्री. कर्र कर्र वाजायची. आमची मानसं आधी हसायची त्याला, नि मग त्याच्याच दारात मासा मागायला यायची. कुठं हाय ती चक्री?"

मग तिने ओट्याकडे मान वळवली. नवरा आत गेलाच होता.

"नि हा कुठं गेला? नवरा लपवून ठेवलास काय गो? मी काय नेते त्याला? माझा एक हाय तोच मला जड झालाय."

एरवी त्याने आतूनही तिला सोडलं नसतं.

सासरे बोटीवर नोकरीला होते, खलाशांचं जेवण करायचे. कुठल्याशा परक्या बंदरातून त्यांनी ती चक्री आणली होती. आताची पोरं तिला रीळ म्हणतात. पितळेची, लहान ताटलीएवढी गोल, मध्ये तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, गुंडाळायचा डबा आणि बाजूला फिरवायची मूठ. सासरे वारल्यावर आयने ती त्यांच्या बनियनमध्ये गुंडाळली, बिस्किटांच्या डब्यात घातली आणि माळ्यावर ठेवली.

कोळीण गेली आणि मी तिथेच विचार करत बसले. नवरा लग्नाआधी हाताने गरी टाकायचा. त्यात दोरी बोटांतून सोडायची, बोटांनी ओढायची, म्हणजे ते आता गेलं. पण चक्री असली की काठी उजव्या काखेत दाबून अंगठ्याने धरता येईल आणि डाव्या हाताने चक्री फिरवता येईल. मी लाटणं काखेत धरून करून पाहिलं. येत होतं.

"आय, चक्री खाली काढायची आहे."

"कशाला?"

"चालते का बघते."

"त्यांची वस्तू आहे. ती उघडायची नाही."

"ते गेले. वस्तू राहिलीय ती डब्यात गंजतेय. तुझा मुलगा ओट्यावर गंजतोय. दोघांतल्या कोणाला आधी उघडू, सांग."

आय माझ्याशी दिवसभर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा चुलीशेजारी आणून ठेवलेला होता. माळ्यावर ती स्वतः चढली होती, या वयात.

चक्रीची अवस्था वाईट होती. मूठ तुटलेली. आतला डबा ज्या दांडीवर फिरतो तिथलं भोक झिजून मोठं झालेलं, त्यामुळे डबा सैल झालेल्या दातासारखा हलायचा. मासा जोरात ओढायला लागला की तंगूस थोडा थोडा सुटावा लागतो, नाहीतर तुटतो. त्यासाठी आत चामड्याची एक चकती दाबून बसवलेली असते. ती वाळून कडक झाली होती, हातात घेतली तर मोडली. आणि डबा उलटा फिरू नये म्हणून दातेरी चाकात अडकणारा, गरी फेकताना बाजूला सारायचा एक बारीक तुकडा असतो, त्याला कारखान्यात कुत्रा म्हणतात. त्या कुत्र्याचा दात झिजला होता आणि त्याला दाबून धरणारी स्प्रिंग नव्हतीच.

मी चौथीपर्यंत शिकले. मशीनचं मला कोणी शिकवलं नाही. पण आमच्या घरात रॉकेलचा स्टोव्ह होता, आणि तो वर्षातून चार वेळा रुसायचा. बाजारात दुरुस्तीला नेण्यापेक्षा मी तो स्वतःच उघडायला शिकले होते. उघडलेलं परत बसवता येतं एवढा धीर मला त्या स्टोव्हने दिला.

आय माझ्यावर रुसलेलीच होती, पण मी पहिला स्क्रू काढल्यावर तिला राहवेना. सूप घेऊन आली.

"असं जमिनीवर टाकू नको. ते सुपात मांडायचं. जे आधी निघालं ते टोकाला, मग त्याच्यामागे दुसरं. परत बसवताना उलट्या बाजूने यायचं."

तिने सासऱ्यांना दरवर्षी ईस्टरपूर्वीच्या उपासकाळाच्या आधी चक्री साफ करताना पाहिलं होतं. मग ती सुपाशेजारी बसूनच राहिली. तेवढ्यात कोंबडी आली आणि तिने दाणा समजून सगळ्यात बारीक स्क्रू चोचीत धरला. आयने हातातली केरसुणी अशी फेकली की स्क्रू इकडे, कोंबडी तिकडे. "तुझ्या पोटातून काढायला लावशील, मेले!" ती ओरडली. ओट्यावरून हसल्यासारखा आवाज आला. आम्ही दोघींनी तिकडे पाहिलं नाही.

मुठीच्या जागी मी दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ बसवलं. मोठं झालेलं भोक भरायला जुन्या बॅटरीच्या पितळी नळीची पट्टी कात्रीने कापली आणि आत गोल वळवून ठोकली. दोन पट्ट्या वाया गेल्या, तिसरी बसली. मोडलेल्या छत्रीच्या दांड्यात, छत्री उघडी धरून ठेवणारी एक स्प्रिंग असते, ती काढून कुत्र्याला लावली. चामड्याची चकती मात्र स्टोव्हच्या पंपाच्या वॉशरमधून कापली. नवा वॉशर घरात होताच.

मग अडलं. मूठ होती उजव्या हाताची. चक्री काठीवर उलटी बसवली की मूठ डावीकडे यायची, पण मग कुत्रा नको त्या बाजूला अडकायचा. गुंडाळायला गेलं की घट्ट, सोडायला गेलं की मोकळं. मी उघडलं, बसवलं, परत उघडलं. आय म्हणाली, "उजव्या हाताची वस्तू उजव्या हातालाच चालते." मी म्हणाले, "मग उजवा हात विकत आणू का कुठून?"

"कुत्रा पालथा कर."

नवरा बोलला होता. ओट्यावरून, आमच्याकडे न बघता.

"काय?"

"तो एका बाजूने झिजलाय. दुसरी बाजू वापरलेलीच नाही. पालथा करून बसव. चाकाचे दातसुद्धा त्या बाजूने कोरे असतील."

मी कुत्रा उजेडात धरून पाहिला. खरंच होतं. सासऱ्यांनी इतकी वर्षं फिरवून एकच बाजू खाल्ली होती. दुसरी नव्यासारखी धारदार.

"ये, बसवून दे," मी म्हणाले. "माझा हात इथे पुरत नाही."

तो टॉवेलाकडे बघत राहिला आणि मग आत गेला. मला राग आला, पण कुत्रा मी पालथा करून बसवला. चक्री फिरली. डाव्या हाताने, योग्य बाजूला, कर्र कर्र आवाज करत. आय उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी लावत राहिली. लावायला भांडी नव्हती.

शेवटचं काम तेल घालायचं. स्टोव्हचं चामडं आम्ही खोबरेलात भिजवतो, मऊ राहतं. मी चकती रात्रभर खोबरेलात ठेवली, आणि उरलेलं तेलही वाया कशाला घालवायचं म्हणून दांडीवर, दातांवर, सगळीकडे चांगलं चोपडलं. दुपारच्या उन्हात चक्री लोण्यासारखी फिरत होती.

पौषात पुढचा भांग आला. आदल्या दिवशी मी कोळणीकडून कोळंबी घेतली, बांबूच्या काठीला चक्री बांधली आणि जाहीर केलं, "उद्या पहाटे मी बंदरावर जाते गरवायला."

"तू?" नवरा म्हणाला.

"मग कोण? आय?"

"बाईमाणूस काठी घेऊन बंदरावर उभी राहणार? लोक काय म्हणतील?"

"तू घरात बसतोस म्हणून लोक आता काही म्हणत नाहीत असं वाटतं का तुला?"

आमच्या घरात नवऱ्याला अहो म्हणायची पद्धत नव्हती, आणि असती तरी मी त्या दिवशी म्हटलं नसतं. मी ढोंग करत नव्हते. तो आला नसता तर मी खरंच गेले असते, आणि गरीच्या वजनाचं शिसं कुणाच्या तरी डोक्यात घातलं असतं. पहाटे मी काठी उचलली तेव्हा तो दारात उभा होता. डोक्याला मफलर, हाताला टॉवेल. "अंधार आहे तोवर परत यायचं," म्हणाला.

थंडी कडक होती. किल्ल्याच्या भिंतीशेजारून गेलो तेव्हा बोलताना तोंडातून वाफ निघत होती. बंदरावर पोचलो तेव्हा मात्र उजाडायला लागलं होतं. खाडीचं पाणी कुंडातल्यासारखं गप्प होतं. बांधलेल्या बोटीवर दोघं-तिघं कोळी विडी ओढत बसले होते. मी गरीला कोळंबी लावली. त्याने काठी घेतली, टॉवेल तसाच ठेवून तिचं बूड उजव्या काखेत दाबलं, डाव्या हाताने काठी मागे नेली आणि फेकली.

चक्री फिरलीच नाही. शिसं पुढे गेलं, तंगूस ताणला आणि तट्‌कन तुटला. शिसं, गरी, कोळंबी, सगळं एकटंच खाडीत गेलं. बोटीवरचे कोळी मोठ्याने हसले.

नवऱ्याने मूठ फिरवून पाहिली. सिमेंटमध्ये बसवल्यासारखी घट्ट. त्याने चक्री नाकाशी नेली.

"काय घातलंस यात?"

"खोबरेल."

"खोबरेल?"

"चामड्याला खोबरेलच घालतात."

"पौष महिन्यात? अगो, रोज सकाळी केसांच्या तेलाची बाटली उन्हात ठेवतेस ना? का ठेवतेस? शोभेला? ते गोठलंय आत! अख्ख्या चक्रीचा बर्फ केलास! मशीनला मशीनचं तेल घालतात एवढं कळत नाही? स्टोव्ह उघडता आला म्हणून काय आगबोट दुरुस्त करायला निघालीस?"

तो ओरडत होता. बंदरभर ऐकू जात होतं. कारखान्यातून आल्यापासून तो माझ्याशी एवढी वाक्यं एकत्र बोलला नव्हता. बाटली मी खरंच रोज उन्हात ठेवत होते.

"घरी जाऊ या," मी म्हणाले. "चुलीशेजारी ठेवते, सुटेल."

"घरी कशाला? एवढं चालून आलो ते?"

तो पायरीवर बसला. काठी मांडीवर आडवी घेतली आणि चक्रीला डाव्या तळव्याने झाकलं. एका हाताने ती झाकली जात नव्हती. ताटलीएवढी होती. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग टॉवेल दातांनी सोडला, बाजूला टाकला आणि उजवा तळवा दुसऱ्या बाजूने लावला. दोन्ही हातांत चक्री धरून तो तिच्यावर तोंडाने वाफ सोडत बसला. कोळी बघत होते. मी तंगुसाला नवी गरी आणि शिसं बांधत होते, म्हणून मला वर बघायची गरज नव्हती.

अर्धवट सुकलेले बोंबील पुन्हा वाळत घालायला निघालेली आमची मासेवाली डोक्यावर टोपली घेऊन तिथूनच आली. थांबली.

"काय रे बाबा, अंडी उबवतोस काय?"

मला वाटलं, आता हात टॉवेलात जाणार.

"हो," तो म्हणाला. "पिल्लू निघालं का तुलाच देनार. तुझा नवरा जड झालाय म्हनतेस ना, त्याच्या जागी पाळ." हे त्याने तिच्याच बोलीत म्हटलं.

बोटीवरचे पुन्हा हसले, पण या वेळी तिच्यावर. ती त्यांना दोन शिव्या घालून पुढे गेली. हाताबद्दल कोणी काही बोललं नाही. त्यांच्यातही कुणाचं बोट दोरात गेलेलं, कुणाचा डोळा. त्यांना त्यात नवीन काही नव्हतं.

तेल हळूहळू सुटलं. चक्री आधी कुरकुरली, मग फिरली. त्याने पुन्हा फेकलं. तंगूस सरसर सुटत गेला आणि शिसं लांब पडलं. मग आम्ही उभे राहिलो. ऊन वर आलं, लोक आले, मचव्यावरचा एक ओळखीचा माणूस हाक मारून गेला. अंधारातच परत जायचं हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

मासा लागला तेव्हा काठी वाकली आणि चक्री कर्र कर्र ओरडायला लागली. स्टोव्हचं चामडं धरत होतं, सोडत होतं. "धरू का?" मी विचारलं. "हात लावू नको," तो म्हणाला. बराच वेळ गुंडाळत, सोडत, शिव्या घालत त्याने तो पायरीवर ओढला. शिंगाळा होता, हातभर लांब. शिंगाळ्याचे काटे भयंकर, टोचला तर हात दोन दिवस ठणकतो. नवऱ्याने टॉवेल माशावर टाकला, वरून उजव्या तळव्याने आणि अंगठ्याने दाबून धरला आणि डाव्या हाताने गरी काढली.

टॉवेल रक्ताने आणि बुळबुळीने भरला. घरी आल्यावर मी तो धुतला नाही. कापून पोतेऱ्याला लावला. त्याने मागितला नाही.

त्याच दुपारी तो सूप घेऊन ओट्यावर बसला आणि चक्री स्वतः उघडली. रॉकेलने पुसली, शिंप्याकडून वाटीभर मशीनचं तेल आणून घातलं. माझी पितळी पट्टी वाकडी आहे म्हणाला, पण काढली नाही. आयला म्हणाला, "कोंबडी बांधून ठेव." नंतर प्रत्येक भांगाला तो बंदरावर जायचा. वाडीतही हळूहळू यायला लागला, फावडं अंगठ्याखाली धरून. चामड्याची चकती दर पावसाळ्याआधी बदलावी लागे आणि ती स्टोव्हच्या वॉशरमधूनच कापली जाई. तेवढं माझं राहिलं.

पण त्याच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. शिंगाळा आणला त्याच आठवड्यातल्या रविवारी मी आणि आय मिस्साला निघालो. आयने सवयीने विचारलं, "येतोस का रे?" आणि उत्तराची वाट न बघता चालू लागली. फाटकाशी पोचलो तर तो मागून येत होता, धुतलेला सदरा घालून, बाही कोपरापर्यंत दुमडलेली.

देवळाच्या दारात गर्दी होती. त्याने पवित्र पाण्यात अंगठा बुडवला आणि कपाळ, छाती, दोन्ही खांदे, अशी खूण केली. मागचे लोक थांबले होते, ते पुढे सरकले. आम्ही बाकावर बसलो. पहिलं वाचन सुरू झालं तेव्हा आय त्याच्याकडे झुकली. मला वाटलं, आता म्हातारी रडणार.

"हाताला शिंगाळ्याचा वास येतोय," ती कुजबुजली.

"साबणाने धुतला."

"साबणाने जात नाही. लिंबू चोळायचं."

"पुढच्या रविवारी चोळतो," तो म्हणाला.